एका उपाहारगृहवाल्याचें आत्मवृत्त

थोरांचीं चरित्रें वाचावींत, हा उपदेश विद्यार्थ्यांच्या कानीं नित्य पडत असतो. थोर म्हटले कीं राजे, वीर, संत व पंडित हेच डोळ्यांपुढें येतात; दुकानदाराचें चरित्र वाचण्यास कोणी सुचवीत नाहीं. आमच्या मतें हें योग्य नव्हे. आमच्यांतील बहुतेकांस पुढें चाकरी किंवा धंदा करूनच चरितार्थ चालवावयाचा आहे. तेव्हां धंदा कसा उभा राहतो आणि तो उभारणारा मनुष्य स्वतःविषयीं काय सांगतो, हें जाणणें अगत्याचें आहे. मॅक्डोनल्ड हें नांव आज मुलांच्या तोंडीं आहे. त्या धंद्याचा विस्तार करणारे अमेरिकन गृहस्थ रे क्रॉक यांनीं रॉबर्ट अँडरसन यांच्या साहाय्यानें लिहिलेलें ‘ग्राइंडिंग इट आउट’ हें आत्मवृत्त १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचावें, परंतु दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचावें, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम त्यांतील गुण पाहूं. क्रॉक यांचा जन्म १९०२ सालचा. कागदी पेले विकणें आणि पुढें दूध घुसळण्याचीं यंत्रें विकणें, यांतच त्यांच्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें गेलीं. कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो गांवच्या एका लहानशा उपाहारगृहानें आपलीं आठ यंत्रें घेतलीं आहेत, हें कळतांच १९५४ सालीं ते स्वतः तेथें पाहावयास गेले. एका यंत्रावर पांच पेले एकदम घुसळले जात. म्हणजे एका वेळीं चाळीस! त्या वेळीं त्यांचें वय बावन्नाच्या घरांत होतें, मधुमेह जडलेला होता, सांधे धरूं लागले होते. अशा वयांत लोक विसाव्याचा विचार करितात. यांनीं नव्या उद्योगास हात घातला. १५ एप्रिल १९५५ रोजीं इलिनॉय संस्थानांतील डे प्लेन्स येथें त्यांनीं आपलें पहिलें दुकान उघडलें. सकाळीं कचेरीस जातांना ते तेथें थांबत आणि अंगावर चांगले कपडे असतांही झाडलोटीस हात लावीत. ज्यांस आपल्या वर्गांतील केर उचलण्याची लाज वाटते, त्यांनीं एवढा भाग तरी अवश्य वाचावा.

आतां दुसरी बाजू. ज्या पद्धतीवर हा सारा डोलारा उभा राहिला, ती क्रॉक यांची नव्हे. ती सॅन बर्नार्डिनोच्या त्या उपाहारगृहाचे मालक रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनल्ड या दोघां बंधूंची. १९४८ सालीं त्यांनीं चालता धंदा कांहीं काळ बंद ठेवून त्याची पुनर्रचना केली. मोटारींपर्यंत ताट नेणाऱ्या सेविका कमी केल्या, पदार्थांची लांबलचक यादी तोडून मोजकेच जिन्नस ठेविले, धुवावयाच्या भांड्यांऐवजीं कागदी वेष्टनें आणिलीं आणि हॅम्बर्गर, म्हणजे मांसाची भाजलेली चपटी वडी घातलेला पाव, पंधरा सेंटांस विकूं लागले. कोणीं कोठें उभें राहावें, म्हणजे कोणाचा पाय कोणाच्या पायांत येणार नाहीं, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं टेनिसच्या मैदानावर खडूनें स्वयंपाकघराचा आराखडा काढून पाहिला.

१९६१ सालीं क्रॉक यांनीं सत्तावीस लक्ष डॉलर देऊन बंधूंचे सर्व हक्क विकत घेतले. मूळ दुकान बंधूंकडे राहिलें, पण त्यावरून त्यांना स्वतःचेंच नांव उतरवावें लागलें. क्रॉक यांनीं जवळच नवें दुकान थाटलें आणि कांहीं वर्षांत तें जुनें दुकान बंद पडलें. पुढें जगांत संस्थापक म्हणून क्रॉक यांचेंच नांव गाजलें.

यावर कोणी म्हणेल कीं, बंधूंना पुरेपूर मोल मिळालें. शिवाय क्रॉक नसते तर त्यांची युक्ती फार दूर पसरली नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. व्यवहार कायदेशीर होता हें आम्हांसही मान्य आहे. परंतु किंमत देऊन हक्क विकत घेतां येतो. श्रेय विकत घेतां येत नाहीं. तें ज्याचें त्याच्याच नांवावर राहिलें पाहिजे.

नवल असें कीं, याच पुस्तकांत ह्या न्यायाचें एक चांगलें उदाहरणही आहे. सिनसिनाटी शहरांतील लू ग्रोन या दुकानचालकाचीं बहुतेक गिऱ्हाइकें कॅथॉलिक होतीं व शुक्रवारीं मांस वर्ज्य करीत. त्यानें १९६२ सालीं मासळीचा पाव सुचविला. क्रॉक यांनीं त्याच्या विरोधांत अननसाची चकती व चीज घातलेला आपला पाव पुढें केला. ग्रोनची मासळी खपली, धन्याचा अननस पडून राहिला! ही फजिती क्रॉक स्वतःच मोकळेपणीं सांगतात. १९९६ सालीं हा धंदा दिल्ली व मुंबई येथें आला, तेव्हांही येथील लोकांची रुचि व धर्मभावना जाणून गोमांस व डुकराचें मांस वगळावें लागलें. थोरला धंदा एका डोक्यानें वाढत नाहीं, हेंच यावरून दिसून येतें.

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींनो, क्रॉक यांच्यापासून चिकाटी घ्या, स्वच्छता घ्या, उतारवयांतही न मावळणारी उमेद घ्या. परंतु स्नेहसंमेलनांतील प्रयोग यशस्वी झाला आणि टाळ्या तुमच्या वांट्यास आल्या, तर मूळ कल्पना ज्या सोबत्याची, त्याचें नांव मोठ्यानें घेण्यास चुकूं नका. आणि पालकांसही आमची विनंती आहे कीं, “अमका पाहा, स्वतःच्या बळावर केवढा मोठा झाला,” असें मुलांस सांगतांना त्याच्या पाठीमागें कोण उभे होते, हेंही सांगत जावें. नाहीं तर मुलें यशाचा हिशेब शिकतील, आणि कृतज्ञतेचा विसरतील.