पंगतीतले शेवटचे पान

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांची उंची आणि वजन मोजले गेले. खेड्यातील दर १०० स्त्रियांमागे सुमारे २१ जणी उंचीच्या मानाने कृश आढळल्या. शहरात हे प्रमाण १३ होते. उलट प्रमाणाबाहेर वजन असलेल्या स्त्रिया शहरात ३३, तर खेड्यात २०. खेडे उपाशी आणि शहर सुस्त, असे सोयीस्कर चित्र या आकड्यांतून सहज रंगवता येते. ते खोटेही नाही. परंतु त्याच अहवालातील तिसरा आकडा विचार करायला लावणारा आहे. रक्तक्षयाने ग्रासलेल्या स्त्रियांचे प्रमाण खेड्यात सुमारे ५९ टक्के आहे आणि शहरात ५४ टक्के. वजनकाट्यावर एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या या दोघी रक्ततपासणीत मात्र जवळजवळ शेजारी येऊन बसतात.

याचे उत्तर दवाखान्यात कमी आणि स्वयंपाकघरात अधिक सापडते. जिला अन्नपूर्णा म्हणून गौरविले जाते, ती गृहिणी आजही असंख्य घरांत सर्वांच्या शेवटी जेवते. हातावर पोट असलेल्या खेड्यातील घरात शेवटी उरते ते थोडे : अर्धी भाकरी, तळाशी राहिलेले पातळ कालवण आणि चटणी. शहरातील सुस्थित घरात उरते ते पुष्कळ : मुलाने टाकलेला पराठा, सकाळचा भात, पाहुण्यांसाठी आणलेल्या मिठाईचा शेवटचा तुकडा. अन्न वाया घालवणे हे पाप, म्हणून तेही तीच संपवते. एकीचे वजन घटते, दुसरीचे वाढते. दोघींच्या पानात येत नाही ती उसळ, पालेभाजी आणि दूध, कारण या गोष्टी आधीच्याच पंगतीत संपलेल्या असतात.

अर्थात यात श्रमाचाही वाटा आहे. बीड जिल्ह्यातून नवऱ्यासोबत ऊसतोडणीला जाणारी स्त्री पहाटेपूर्वी उठून भाकऱ्या थापते, दिवसभर फडात राबते आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहते. तिच्या पोटात जाते त्याहून अधिक शक्ती खर्ची पडते. सदनिकेतील गृहिणीचे काम संपत नाही हे खरे, पण त्यात शरीराचे चलनवलन फार थोडे.

मात्र खेड्याचे हे जुने रूप झपाट्याने बदलते आहे. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात खेड्यातील कृश स्त्रिया सुमारे २७ टक्के होत्या, त्या पुढच्या सर्वेक्षणात २१ टक्क्यांवर आल्या. ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु त्याच अवधीत खेड्यातील अतिवजनाचे प्रमाण १५ वरून २० टक्क्यांवर गेले. शहरात ते ३१ वरून ३३ झाले. म्हणजे वाढीचा वेग आता खेड्यात अधिक आहे. जाते गेले, पाणी नळाने आले. त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही, ते कष्ट जायलाच हवे होते. पण त्याबरोबर ज्वारी-बाजरीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली आणि न्याहारीची जागा गोड चहा व बिस्किटाच्या पुड्याने. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, हे किती घरांत ठाऊक असते?

उपवासाचेही तसेच. चतुर्थी, हरितालिका, वटपौर्णिमा, नवरात्र यांचा भार मुख्यतः स्त्रियांवर. उपवासाचा मूळ हेतू संयमाचा. व्यवहारात मात्र एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ केवळ पिष्ट. तो ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, तेव्हा त्याला परंपरेचे कवच देण्याचेही कारण नाही. भगर आणि राजगिरा घराघरांत आहेत. त्यांच्या जोडीला ताक घेतले तर व्रतात काहीच उणे पडत नाही.

या दुखण्याचे मूळ शासनाच्या लक्षात आल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आदिवासी भागांतील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तीत मातेला अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण मिळते. घरी नेलेला शिधा घरातल्या सर्व तोंडांत वाटला जातो आणि जिच्यासाठी तो आला तिच्या वाट्याला पुन्हा उरलेलेच येते. अंगणवाडीत वाढलेले ताट मात्र तिचे एकटीचे असते. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत अशी अंगणवाडी येणार नाही. तेथे आमटीतली डाळ आणि पालेभाजी सासूबाईंसाठी आणि सुनेसाठी आधी काढून ठेवण्याचे काम पंगतीला आधी बसणाऱ्यांनाच करावे लागेल.