भुताच्या अंगावरचा बुरखा

कुर्ला पश्चिमेला माझं डी.टी.पी. आणि छपाईचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, मदरशाच्या पावत्या, मंडळांचे अहवाल, दवाखान्यांची लेटरहेडं असा सगळा माल माझ्याकडे होतो. छापणाऱ्याने मजकुरात नाक खुपसू नये, असं हा धंदा शिकवतो आणि मीही बरीच वर्षं ते पाळत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र एका कामाने माझी झोप उडवली. त्याबद्दल आपल्याच माणसांशी भांडायचं आहे, म्हणून हा लेख.

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाची तीन मुलं आली होती. त्यांनी एक भयपट केला होता, अठरा मिनिटांचा. कॉलेजच्या महोत्सवात तो दाखवायचा होता. ए-थ्री आकाराची चाळीस पोस्टरं, गेटवर लावायला एक फ्लेक्स आणि हातात द्यायच्या प्रवेशिका, एवढं काम. पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर चित्र उघडलं. काळ्या रात्रीत बुरखा घातलेली बाई उभी, चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी. मागे कबरी. कबरींवर दर्ग्यात असतो तसा हिरवा उजेड. आणि वर, रक्त ठिबकावं तशी, लाल उर्दू अक्षरं.

मी विचारलं, “गोष्टीत मुसलमान आहे का कोणी?”

“नाही काका.”

“कब्रस्तान?”

“नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या मुलीची गोष्ट आहे.”

“मग हा बुरखा कशाला?”

“स्क्रीनवर भारी दिसतो ना. बघितलं की भीती वाटते.”

मुलगा नेहरूनगरचा, गोड स्वभावाचा, बोलण्यात कुठे तेढ नाही. सांगताना त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं आणि मला लागलं ते नेमकं तेच. दुष्टाव्याने केलेल्या गोष्टीला उत्तर देता येतं. निरागसपणे केलेल्या गोष्टीला काय देणार?

आता अक्षरांचं सांगतो. त्या मुलांना ‘मौत’ लिहायचं होतं. कुठूनतरी अक्षरं उचलून त्यांनी फोटोशॉपमध्ये चिकटवली होती. उर्दूची सोय नसलेल्या प्रोग्राममध्ये अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने बसतात, हे इनपेजवर काम केलेला कोणीही सांगेल. मीम, वाव, ते असं उजवीकडून यायचं, ते डावीकडून लागलं होतं. वाचणाऱ्याला ‘मौत’ ऐवजी ‘तूम’ असं काहीतरी दिसत होतं. कोणाला ते वाचता येणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. कुर्ल्यात! आणि वाचता यावं अशी अपेक्षाही नव्हती. ती अक्षरं मुळी भाषा म्हणून तिथे नव्हतीच. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी, नखांच्या ओरखड्यासारखी होती.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. एके काळी हिंदी सिनेमाच्या पोस्टरवर नाव तीन लिप्यांत असायचं, देवनागरीत, रोमनमध्ये आणि उर्दूत. सिनेमा सामाजिक असो, पौराणिक असो की मारधाडीचा, उर्दू कोपऱ्यात का होईना असायची. ती होती, कारण तिकीट काढणाऱ्यांत ती वाचणारे होते. हळूहळू ती गेली. त्याचं मी रडगाणं गात नाही, लिप्या येतात आणि जातात. पण जी लिपी पोस्टरवरून नाव सांगायची, ती परत आली तर कशी आली? भुताचं हस्ताक्षर होऊन! पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते. ग्रँट रोडच्या अल्फ्रेड टॉकीजसाठी शेख रहमान हाताने पोस्टरं रंगवत राहिले, त्यांच्यावर 2015 मध्ये एक माहितीपटही निघाला. या शहराला पोस्टर बघायला शिकवणाऱ्यांत आपली माणसं होती. आज त्याच पोस्टरवर आपला उपयोग कशासाठी होतो, ते बघा.

“अहो, पोस्टर तर आहे, एवढं काय?” असं म्हणणारे भेटतात. माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो, पोस्टर आहे म्हणूनच एवढं. सिनेमाला अठरा मिनिटं असतात. तो शंका घेऊ शकतो, उलटून सांगू शकतो, शेवटी भूत माणूस होतं आणि माणूस भूत. पोस्टरच्या हाती रस्त्याने जाणाऱ्याची दोनतीन सेकंदं. एवढ्यात ते कोणाला काही पटवू शकत नाही. बघणाऱ्याच्या मनात जे आधीच पडलेलं आहे, तेवढंच ते उचलतं. भयपटाच्या पोस्टरवर बुरखा चालतो, याचा अर्थ बघणाऱ्याच्या मनात तो आधीच भीती म्हणून नोंदलेला आहे. पोरांनी ती भीती तयार केली नाही. ती बाजारात तयारच होती, त्यांनी फुकट उचलली.

आणि हे भयपटाला अटळ आहे, असंही नाही. कमाल अमरोहींचा ‘महल’ 1949 चा, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. बाई, वाडा, झोपाळा, एक सूर, एवढ्यावर त्यांनी अख्ख्या देशाच्या अंगावर काटा आणला. दिग्दर्शक मुसलमान, नायिका मधुबाला, म्हणजे मुमताज जहान. पण भीतीसाठी कोणाच्या धर्माच्या खुंटीवर काही टांगावं लागलं नाही. रामसे बंधूंनी 1972 मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला. दोन गज जमीन म्हटली की आपल्याला रंगूनला मेलेला बादशहा आठवतो. रामसेंनी ती जमीन प्रेत उठवायला वापरली. त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांनी पुढे मंदिर, हवेली, विहीर काहीच सोडलं नाही, सगळ्यांची सारखीच वाट लावली. 2018 च्या ‘परी’त इफ्रित आला. जिन, इफ्रित, घूल हे आपल्या नानीच्या गोष्टींतले. कुरआनात तर 72 वी सूरह जिनांच्याच नावाची आहे आणि तिथे ईमान आणणारे जिनही आहेत. पडद्यावर मात्र असला सज्जन जिन क्वचितच येतो.

कोणी म्हणेल, मग चादरीची, बुरख्याची भीती दाखवूच नये का? दाखवावी. बाबक अन्वरी या इराणी दिग्दर्शकाने 2016 च्या ‘अंडर द शॅडो’त तेच केलं. युद्धाच्या काळातलं तेहरान, वरून क्षेपणास्त्रं पडताहेत आणि घरात जिन शिरतो तो चादोरच्या रूपात. पण त्यातली नायिका पोरीला कडेवर घेऊन, जीव वाचवायला रस्त्यावर पळते, तेव्हा डोकं झाकलेलं नाही म्हणून तिला पकडतात. त्या कापडाची भीती कुठून आली, हे त्या सिनेमाला ठाऊक आहे. ते कापड त्याच्या घरातलं आहे, भांडणही घरातलं आहे. ‘तुंबाड’चंही तेच. राही बर्वेने भीती वाड्यातून, आजीच्या खोलीतून, आपल्याच हावरेपणातून काढली. शेजाऱ्याच्या दोरीवर वाळत घातलेला कपडा ओढून आणला नाही.

मी बुरख्याचा वकील नाही. माझ्या आईने तो घातला, बायकोने सोडला, मुलगी डोक्याला रुमाल बांधते आणि घरात यावर जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरूनही झाली नसतील. या अंकाच्या वाचकांतही एकमत नसेल. ते भांडण आपलं आहे, आपण ते मोठ्या आवाजात करावं. पण बुरख्याला प्रश्न विचारणं वेगळं आणि त्यातल्या बाईचा चेहरा पुसून तिथे पोकळी ठेवणं वेगळं. 2024 मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने बुरखा, हिजाब, टोपीवर बंदी घातली. मुली उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या. मग 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीपुरती स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला परवानगी नाहीच. माझ्या दुकानात आलेली मुलं त्या कॉलेजची नव्हती. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. गेटवर खरी मुलगी बुरखा काढून पिशवीत भरते आहे आणि डोक्यावरच्या फ्लेक्सवर तोच बुरखा दहा फूट उंचीचा फडफडतो आहे.

आता आपल्यांकडे वळतो. त्या तिघांतला एक हलाव पुलाचा होता. फोटोतला बुरखा त्याच्या अम्मीचा! मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, “चाचा, मी बोललो असतो तर हे म्हणाले असते, तू लगेच सेंटी होतोस.” वीस वर्षांच्या पोराला दोस्तांत राहायचं असेल तर हसत हसत आईचा बुरखा आणून द्यावा लागतो. भयपट करायचा तर मला तो इथेच दिसला. मशिदीबाहेर हे बोललो तर एक बुजुर्ग म्हणाले, सिनेमाच हराम, पोरांना आधी त्यातून बाहेर काढा. दुसरा म्हणाला, फ्लेक्स फाडून टाकू. दोघांनाही माझा सलाम. आपली मुलं कॅमेऱ्याच्या मागे नसली, तर पुढे आपलं काय उभं राहील ते या पोस्टरवर दिसतंच आहे. आणि फाडलेल्या फ्लेक्सचा फोटो हे तर दुसरं, जास्त खपणारं भयपटाचं पोस्टर.

त्या मुलांना मी एवढंच म्हटलं, की बाबांनो, कुर्ल्यात राहून भीती बाहेरून कशाला आणता? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी आपल्या घरांत शिरली. तेव्हा तुम्ही पाळण्यातही नव्हता, पण भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ते घरचे हात करून दाखवतील. जून 2022 मध्ये कुर्ला पूर्वेच्या नाईकनगरात इमारत रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली, 19 जण गेले. तुमची गोष्ट लिफ्टची आहे ना? मग बंद लिफ्टच्या फटीतून दिसणारी चार बोटं दाखवा. कुर्ली नावाच्या खेकड्यावरून गावाला कुर्ला म्हणतात, असं सांगतात. लिफ्टच्या तळाशी साचलेल्या पाण्यात एक खेकडा ठेवा, बास!

मुलं हसली. खेकडा त्यांना विनोदी वाटला. महोत्सव परवावर आला होता.

छापलं मीच. नाही म्हणालो असतो तर पाइप रोडला दुसरं दुकान होतंच, हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते खरंही आहे. त्याहून वाईट म्हणजे ती अक्षरं मला बघवेनात. इनपेज उघडलं, ‘मौत’ नीट जोडून, नस्तालीकमध्ये, वळणदार बसवून दिलं. त्याचे पैसे लावले नाहीत. मुलगी दुकानात डबा घेऊन आली तेव्हा मशीनमधून पोस्टरं पडत होती. तिने एक उचललं, अक्षरं वाचली आणि विचारलं, “हे तुम्ही लिहिलंत, अब्बा?”

चाळीसच्या जागी सेहेचाळीस निघाली होती. वरची सहा अजून कपाटावर आहेत. मागची बाजू कोरी आहे, पावत्यांची प्रुफं त्यावर काढतो.