बंदुकांचं शहर बर्मिंगहॅम: बनवल्या कुणी, चालल्या कुणावर?

बीएसए हे सायकलचं नाव आपल्या घराघरांत ओळखीचं. मुलगा आठवी-नववीत गेला की त्याला बीएसए एसएलआर घेऊन देणारे अब्बा प्रत्येक मोहल्ल्यात सापडायचे. सायकल चेन्नईच्या टीआय कंपनीची, पण नाव विलायतेहून आलेलं. त्या तीन अक्षरांचा अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल: बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. म्हणजे बंदुकांचा कारखाना. कंपनीच्या जुन्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली आहेत.

हा कारखाना बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात होता. तिथला आर्मरी रोड आजही त्याच नावाचा आहे. आज याच भागात मीरपुरी, बंगाली, सोमाली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. २०२१च्या जनगणनेनुसार बर्मिंगहॅमच्या लोकसंख्येत मुसलमान जवळपास ३० टक्के आहेत. गाझातील युद्ध सुरू झाल्यापासून "इस्रायलला शस्त्रं देणं बंद करा" अशी मागणी करणारे मोर्चे ब्रिटनमध्ये निघाले, त्यात हे शहर आघाडीवर राहिलं. जुलै २०२४च्या निवडणुकीत शहरातील पेरी बार मतदारसंघातून अय्यूब खान हे अपक्ष निवडून आले, मजूर पक्षाच्या जुन्या खासदाराला हरवून. गाझाचा प्रश्न त्यांच्या प्रचारात पुढे होता. म्हणून या शहराचा शस्त्रांशी संबंध काय, हे एकदा नीट पाहायला हवं असं आम्हाला वाटतं.

अठराव्या शतकात इथे एका छपराखाली अख्खी बंदूक बनत नव्हती. नळी एकजण करायचा, घोडा दुसरा, दस्ता तिसरा, संगीन चौथा. गल्लीबोळांतल्या छोट्या छोट्या खोल्यांत भट्ट्या पेटलेल्या, आणि अर्धवट तयार भाग खांद्यावर घेऊन पोरं या कारीगराकडून त्या कारीगराकडे पळतायत. जोडणी शेवटी. स्टीलहाऊस लेनच्या आसपासच्या या वस्तीचं नावच गन क्वार्टर पडलं. नेपोलियनशी लढाई चालू असताना, १८०४ ते १८१५ या काळात, या कारीगरांनी सरकारला १७ लाखांहून अधिक बंदुका पुरवल्या. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा ७ लाखांहून अधिक बंदुका अटलांटिकपार गेल्या.

आणि आफ्रिका? हे प्रकरण सगळ्यात काळं. गुलामांच्या व्यापारात बंदूक हे चलनी नाणंच होतं. जहाजं बंदुका घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि त्या देऊन माणसं घ्यायची. १७६६ मध्ये लॉर्ड शेलबर्न हे उमराव इथे येऊन गेले. दरवर्षी लाखाहून अधिक बंदुका आफ्रिकेकडे जातात, असं त्यांनी नोंदवलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक इतक्या निकृष्ट असतात की पहिल्यांदा चालवणाऱ्याच्याच हातात फुटतील, हेही त्यांनीच लिहिलं. १८१३ साली कायदा होऊन बंदुकांची नळी तपासणारं प्रूफ हाऊस शहरात उभं राहिलं. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार उडवायचा, टिकली तर शिक्का मारायचा. ही संस्था आजही बॅनबरी स्ट्रीटवर चालू आहे. पण आफ्रिकेतल्या ज्यांचे हात आधीच उडाले होते, त्यांच्यासाठी हा शिक्का उशिराच आला.

याच शहरात सॅम्युअल गाल्टन नावाचा मोठा बंदूक व्यापारी होता. तो क्वेकर. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला असा पंथ, जो युद्धाला पापच मानतो. वडिलोपार्जित धंदा वर्षानुवर्षं चालला, कुणी ब्र काढला नाही. १७९५ मध्ये मात्र जमातीने जाब विचारला: युद्ध हराम मानणाऱ्याने बंदुका कशा विकायच्या? गाल्टनने छापील उत्तर दिलं आणि ते आजही टोचतं. त्याचा मुद्दा असा: धंदा मला वारशाने मिळाला, तेव्हा तुम्ही गप्प होतात. युद्धासाठी कर तुम्हीही भरता. गुलामांनी पिकवलेली साखर, तंबाखू, कापूस तुमच्याही घरात येतो. मग एकट्या माझंच बोट का धरता? १७९६ मध्ये जमातीने त्याच्याशी अधिकृत नातं तोडलं. पुढे गाल्टन कुटुंब बंदुका सोडून बँकिंगमध्ये गेलं. (वंशशुद्धीचं 'शास्त्र' मांडणारा फ्रान्सिस गाल्टन हा याच सॅम्युअलचा नातू. घराण्याची देणगी म्हणायची.)

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इतिहासकार प्रिया सतिया यांनी २०१८च्या 'एम्पायर ऑफ गन्स' या पुस्तकात गाल्टनच्या याच युक्तिवादातून सुरुवात करून मोठी मांडणी केली आहे. ब्रिटनची औद्योगिक क्रांती कापडाच्या गिरण्यांनी घडवली असं आपण शाळेत शिकतो. सतिया म्हणतात, सरकारच्या युद्धखरेदीचा वाटा त्यात फार मोठा होता. लोखंड, पितळ, बकल, खिळे, बँका, सगळेच त्या साखळीत बांधलेले होते. आम्हाला ही मांडणी पटते. पण त्यावरून "सगळेच दोषी, म्हणजे कुणीच दोषी नाही" असा निष्कर्ष काढणं पटत नाही. गाल्टनला नेमकं तेच हवं होतं. साखर खाणारा आणि बंदूक विकणारा एकाच साखळीत असले तरी त्यांचा नफा आणि त्यांची निवड सारखी नाही.

आपल्याकडच्या फिक्हमध्येही हा प्रश्न जुना आहे. इमाम बुखारींनी फितन्याच्या काळातील शस्त्रविक्रीवर स्वतंत्र बाब ठेवला आणि हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना अशी विक्री नापसंत होती, हे तिथे नोंदवलं. लोहाराचं काम हलाल आहे. पण शस्त्र कुणाच्या हातात जाणार हे ठाऊक असताना विकणं ही वेगळी गोष्ट ठरते.

बीएसए कंपनी १८६१ची. सरकारने एनफिल्डला यंत्रांचा कारखाना काढला तेव्हा हाताने काम करणारे बर्मिंगहॅमचे बंदूकवाले घाबरले आणि एकत्र आले. सुरुवातीच्या मोठ्या ऑर्डरींपैकी एक १८६३ मध्ये उस्मानी तुर्कांची होती, २० हजार रायफलींची. पण युद्ध नसलं की काम नसायचं. १८७९ मध्ये कारखाना वर्षभर बंद राहिला. मग कंपनी सायकलीकडे वळली, नंतर मोटारसायकलीकडे. म्हणजे तीच यंत्रं, तेच हात सायकलही बनवू शकत होते. पहिलं महायुद्ध आलं आणि रायफलींचा आकडा १५ लाखांच्या आसपास गेला. 'पीकी ब्लाइंडर्स' ही मालिका पाहणाऱ्या पोरांना आठवेल, तिची सुरुवातच याच कारखान्यातून चोरीला गेलेल्या बंदुकांनी होते. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी इथे बॉम्ब टाकले. रात्रपाळीचे ५३ कामगार ढिगाऱ्याखाली गेले. मालकांच्या चरित्रांत त्यांना जागा नाही. १९७३ मध्ये कंपनी कोसळली.

त्याच सुमारास त्या रस्त्यांवर नवी माणसं स्थिरावत होती. मंगला धरणात साठच्या दशकात मीरपूरची लाखभर माणसं उठवली गेली, त्यातले कित्येक बर्मिंगहॅमच्या फाउंड्र्यांत आणि मोटारींच्या कारखान्यांत आले. म्हणून आज तिथे शस्त्रबंदीचा फलक घेऊन उभ्या असलेल्या पोरीच्या दादाजींनी याच शहराचं लोखंड ओतलेलं असतं. "हे बाहेरचे, यांना शहराचा इतिहास काय कळणार," असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. २०११ मध्ये पालिकेने गन क्वार्टर हे नाव काढून टाकलं, लोक चिडले, २०१४ मध्ये नाव परत आलं. आमच्या मते परत आलं ते बरंच झालं. पाटी बदलून आफ्रिकेचा हिशेब मिटत नाही.

आणि आताची बंदूक? ती गल्लीत बनत नाही. २ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटिश सरकारने इस्रायलसाठीच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० स्थगित केले, पण एफ-३५ विमानांच्या सुट्या भागांना मोठी सूट ठेवली. कारण काय, तर हे भाग थेट इस्रायलला नाही, अनेक देशांच्या सामाईक साठ्यात जातात. नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, जोडणी तिसऱ्याची! अल-हक या पॅलेस्टिनी संस्थेने याला आव्हान दिलं. ३० जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने हा निर्णय सरकारच्या अखत्यारीतला ठरवून अर्ज फेटाळला. आपल्याकडेही भारतीय कंपन्यांची इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी परराष्ट्र धोरण हा सरकारचा विषय असल्याचं सांगून ती फेटाळली गेली. दोन्ही देशांत न्यायालयांनी चेंडू सरकारकडे टाकला आहे, आणि सरकार मतदाराला उत्तर देतं. पेरी बारच्या मतदारांनी तो प्रश्न निदान विचारला तरी.