सलाइनने न उतरणारा थकवा

तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात सकाळी जाऊन बसा, रुग्णांच्या याच तक्रारी ऐकू येतील: अंग मोडून आलंय, डोकं जड झालंय, झोप लागत नाही, जेवण जात नाही. डॉक्टर रक्तदाब पाहतात, टॉनिक लिहून देतात, फारच आग्रह झाला तर सलाइन लावतात. यामागे नैराश्य असू शकतं, पण कशात मन लागतं का, हे कुणी विचारत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. क्षयरोगाबाबत असा आकडा आला असता तर विधिमंडळ दणाणले असते.

मनाचे दुखणे आधी अंगावर दिसते, हे आपल्याला नवे नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन गात्रे गळाल्याचे, तोंड कोरडे पडल्याचे, अंगाची आग होत असल्याचेच सांगतो. त्याचा विषाद हा आजार होता, असे आमचे म्हणणे नाही. पण पुढचा प्रसंग पाहा. कृष्ण आधी त्याला फटकारतो, दुबळेपणा सोड म्हणतो. अर्जुन उठत नाही; लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. खरा संवाद त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. आपली घरे मात्र त्या फटकाऱ्यापाशीच अडली आहेत. मन घट्ट कर, कामाला लाग, नाहीतर लग्न उरकून टाका!

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’मधली जानकी जीव द्यायला निघालेल्या तरुणाला आसरा देते आणि खोदून काही विचारत नाही. नैराश्य तिने स्वतः सोसलेले असते. चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले; जानकीचे वागणे आपण उचलले नाही.

औषधे आहेत. पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे न सांगितल्याने आठवड्यातच गोळ्या बंद होतात. थायरॉइडच्या कमतरतेनेही अशीच मरगळ येते, म्हणून ती तपासणीही हवी. आणि मनोविकारतज्ज्ञ नाहीत, ही सबब गोव्याने कधीच खोडून काढली आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के सावरले होते. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

महाराष्ट्राच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक समुपदेशक आणि नैराश्याच्या गोळ्यांचा अखंड साठा याच अर्थसंकल्पात हवा. तोवर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक केसपेपरवरच ठळक छापा, त्यासाठी नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.