तिच्या कामाचं काय ठरलंय?

लग्नाच्या बोलण्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘मुलगा अमेरिकेत आहे, एच-1बी आहे, पगार उत्तम आहे, तिला नोकरी करायची गरजच पडणार नाही.’ बोलणारा हे मुलीच्या भल्याचं म्हणूनच बोलतो आणि मुलीच्या आईवडिलांनाही ते ऐकून हायसं वाटतं. मला या वाक्याचं खंडन करायचं आहे, कारण त्यात अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. तिला गरज पडणार नाही हे सांगितलं जातं. तिला हवं असलं तरी करता येणार नाही, हे मात्र बैठकीतलं कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा ते कुणाला ठाऊकच नसतं.

एच-1बी हा कामाचा व्हिसा. तो असणाऱ्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला एच-4 व्हिसा मिळतो. त्यावर तिकडे राहता येतं, गाडीचं लायसन्स काढता येतं, कॉलेजात जाता येतं. पगारी काम करता येत नाही. सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. 26 मे 2015 पासून यात एक दार किलकिलं झालं. ज्याच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-140 हा अर्ज मंजूर झाला आहे, किंवा त्याच वाटेवर असल्यामुळे ज्याच्या जोडीदाराला एच-1बीची सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली आहे, त्या एच-4 धारकाला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागता येतो. आता हिशोब मांडून बघा. आय-140 च्या आधी कंपनीला तिथल्या श्रम खात्याकडून लेबर सर्टिफिकेशन काढावं लागतं आणि त्यालाच अलीकडे वर्षाहून जास्त लागतं. शिवाय बऱ्याच कंपन्या नव्या माणसाचं ग्रीन कार्डाचं काम लगेच हातात घेत नाहीत. म्हणजे ज्याला गेल्या वर्षी एच-1बी मिळाला, त्याच्याशी लग्न करून जाणारी मुलगी दोन-तीन वर्षं, कधी त्याहून अधिक काळ, कायद्यानेच घरी बसते.

आणि परवाना हाती आला म्हणजे सुटलो असंही नाही. 2017 मध्ये तिथल्या सरकारने हा नियमच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. 2021 मध्ये तो मागे घेतला गेला. या नियमाविरुद्धचा कोर्टातला खटला वर्षानुवर्षं चालला आणि ऑगस्ट 2024 मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला. 30 ऑक्टोबर 2025 पासून नूतनीकरणाच्या अर्जावर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर चालू नोकरीवरून उठून घरी यावं लागतं. हे परवाने मागणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय स्त्रिया आहेत. इतक्या जणींचं पोट, शिक्षण आणि स्वाभिमान ज्या नियमावर टेकला आहे, त्याचं नावही आपल्याकडच्या बोलण्यांत निघत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

यावर उत्तर मिळतं, ‘मग काय बिघडलं? दोन-तीन वर्षं आराम करेल. मुलंबाळं होतील, तेवढ्यात परवाना येईल.’ हे ज्यांना पटतं त्यांनी स्वतःच्या मुलाला तीन वर्षं बिनकामाचं घरी बसवून पाहावं. पंचविशी-तिशीतली ही वर्षं म्हणजे पहिली बढती, पहिली मोठी जबाबदारी आणि हातात कसब बसण्याची वर्षं. ती गेली की परवाना मिळाल्यावर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, मधली वर्षं काय केलंत? प्रश्न पैशाचाही आहे आणि तो मोघम नाही. एच-4 नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली, तर दुसरी सोय करायला मिळणारे जास्तीत जास्त साठ दिवस दोघांनाही सारखेच लागू होतात. लग्न मोडलं तर एच-4 चा आधारच जातो. अशा वेळी जिच्या हाती स्वतःच्या कमाईचे चार पैसे नाहीत, तिला वकील गाठायचा तरी कशाच्या जोरावर?

तिसरा युक्तिवाद सुशिक्षित घरांतून येतो आणि त्यात तथ्यही आहे. ‘शिकू दे की तिला. एच-4 वर शिकता येतंच.’ बरोबर आहे. वेगळा विद्यार्थी व्हिसा न काढता पूर्ण वेळ शिकता येतं. अनेक राज्यांत ठरावीक काळ राहिल्यावर सरकारी विद्यापीठाची फी स्थानिक दराने भरता येते. कम्युनिटी कॉलेजात कमी खर्चात सुरुवात होते. पण शिक्षणाचं फळ म्हणजे काम, आणि एच-4 वर ते फळ बांधलेलंच राहतं. विद्यापीठातली पगारी असिस्टंटशिप घेता येत नाही, पगारी इंटर्नशिप करता येत नाही, पदवीनंतर काही काळ काम करू देणारी ओपीटी मिळत नाही. ओपीटी हवी असेल तर वेळीच एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. ‘शिकू दे’ म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी सांगायला हवं. ‘पुण्याच्या कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर करेल’ हाही सल्ला सर्रास दिला जातो. त्याबद्दल इमिग्रेशनचे बरेच वकील सावध करतात, कारण काम कुठे बसून केलं हे पाहिलं जातं. पगार कुठल्या खात्यात पडला एवढ्यावर सुटका होत नाही.

माझी भाची बीडीएस आहे. नाशिकला एका क्लिनिकमध्ये ती छान काम करत होती. लग्नानंतर न्यू जर्सीला गेली तेव्हा तिला वाटत होतं, एखादी परीक्षा दिली की दात बघायला बसता येईल. प्रत्यक्षात तिथल्या बहुतेक राज्यांत बाहेरच्या दंतवैद्याला आधी आयएनबीडीई ही परीक्षा द्यावी लागते आणि मग दंतमहाविद्यालयाचा दोन-तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग अभ्यासक्रम करावा लागतो. त्याची फी डोळे पांढरे करणारी असते. पण ती अडली त्याच्याही आधी, नावापाशी.

तिच्या चारही वर्षांच्या मार्कशीटवर, इंटर्नशिपच्या दाखल्यावर आणि डेंटल कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव आहे. लग्नानंतर घाईघाईने पासपोर्ट नवा केला, त्यावर सासरचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं, त्यामुळे आडनावाबरोबर तेही बदललं. तिन्हीपैकी जुळणारं एकच नाव उरलं, तिचं स्वतःचं. पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकी संस्थेने विचारलं, या दोन व्यक्ती एकच कशावरून? मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद, त्यांच्या नोटरी केलेल्या प्रती. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून बंद पाकिटात, तोंडावर शिक्का मारून थेट जायला हवं होतं. अर्जदार सातासमुद्रापार, म्हणून माझे मेहुणे अधिकारपत्र घेऊन खिडकीपुढे उभे. शिक्का पाकिटाच्या जोडावर मारायचा असतो, हे तिथल्या कारकुनाला त्यांनीच समजावलं. हे सगळं लग्नाआधी, नाशिकहूनच, चार फेऱ्यांत उरकलं असतं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही, हेही त्या घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायला माझी हरकत नाही. पासपोर्ट कार्यालयाकडे धावायच्या आधी मात्र एकदा पदवीच्या कागदांकडे बघावं.

आता दुसऱ्या टोकाचं म्हणणं. ‘एवढं असेल तर जाऊच नये. डिग्री चुलीत घालायची का?’ या म्हणण्यातला संताप मला कळतो, पण निष्कर्ष मला मान्य नाही. दोन माणसांना एका घरात राहावंसं वाटणं ही कमीपणाची गोष्ट नाही. आणि देश बदलला, व्हिसा बदलला, की उत्तरही बदलतं. त्याच अमेरिकेत कंपनीने एल-1 व्हिसावर पाठवलेल्या माणसाच्या जोडीदाराला 2021 च्या अखेरीपासून जोडीदाराच्या एल-2 व्हिसाच्या आधारावरच काम करता येतं, वेगळ्या ईएडीची वाट बघावी लागत नाही. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल कामगाराच्या जोडीदाराला काम खुलं असतं. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाधारकाच्या जोडीदारालाही बहुतेक सगळी कामं करता येतात. कॅनडाने मात्र जानेवारी 2025 पासून जोडीदाराचा ओपन वर्क परमिट बराच आवळला आणि सिंगापूरने 2021 मध्ये डिपेंडंट पासवाल्यांना स्वतःचा वर्क पास काढायला लावलं. म्हणून ‘परदेशी जावं की जाऊ नये’ हा वाद निरर्थक आहे. कुठल्या देशात, कुठल्या व्हिसावर आणि कधी, हे विचारायला हवं.

कायद्याने दार उघडलं की काम मिळालं, असंही मी म्हणणार नाही. जर्मनीत ब्लू कार्ड हा कामाचा परवाना असणाऱ्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कामाची मुभा असते. त्या जोडीदाराच्या व्हिसाला ए1 पातळीच्या जर्मनची अटसुद्धा नाही. या सवलतीमुळेच कितीतरी जणी जर्मनचा एक शब्द न शिकता म्युनिकला उतरतात आणि मग इंग्रजीवर चालणाऱ्या मोजक्या आयटी कंपन्यांपलीकडे त्यांना दारं बंद दिसतात. डॉक्टरला तर तिथे वैद्यकीय जर्मनची सी1 पातळीची परीक्षा द्यावीच लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. साखरपुडा आणि लग्न यांत सहा महिने असतील, तर शालू निवडण्याइतकाच वेळ जर्मनच्या वर्गाला दिला तरी ए1, ए2 गाठता येतं. अकाउंट्सवाल्यांनी अमेरिकेची सीपीए परीक्षा 2020 पासून भारतातच देता येते हे लक्षात ठेवावं. त्यासाठी व्हिसाची वाट बघावी लागत नाही.

आणि हे सगळं मुलीचंच ओझं का? 1883 मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या. त्यांचे पती गोपाळराव मागाहून गेले. आजही कितीतरी मुली स्वतःच्या बळावर एच-1बी किंवा ब्लू कार्ड मिळवतात आणि त्यांच्यामागे नवरे जातात. नवऱ्याच्या वेळी मात्र ‘त्याच्या कामाचं काय?’ हा प्रश्न दोन्ही घरांना न सुचवता सुचतो, आणि पहिल्याच बैठकीत सुचतो. तेच अगत्य मुलीच्या वाट्याला यायला हवं, एवढंच माझं मागणं आहे.

जो आधी गेला आहे त्याच्यावर याची जबाबदारी अधिक आहे, कारण चाव्या त्याच्या हातात असतात. नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर त्याने विचारावं, ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू कराल, आणि उत्तर लेखी घ्यावं. नोकरी बदलताना बायकोच्या परवान्यावर काय परिणाम होईल, हे राजीनाम्याआधी वकिलाला विचारावं. दोन शहरांतून निवडायचं असेल तर तिच्या विषयाचं सरकारी विद्यापीठ कुठे जवळ आहे, हे बघावं. पदवीचं मूल्यमापन, परीक्षा, वकील, भाषेचा वर्ग, यांची रक्कम दोघांच्या संसाराच्या हिशोबात वरच्या ओळीत यावी. गाडीचे आणि घराच्या डाउन पेमेंटचे आकडे त्याखाली लिहावेत. भाचीच्या घरी यंदा असंच झालं आहे. घर घेणं लांबलं, आयएनबीडीईची फी भरून झाली आणि नवऱ्याने कंपनीकडून लेबर सर्टिफिकेशनची तारीख लेखी आणली आहे.