बंद संगणकातील उघडी कागदपत्रे

चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राच्या संगणकात आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा आणि जातीचे दाखले यांच्या स्कॅन केलेल्या प्रती साचत जातात, आणि अर्ज मंजूर झाल्यावरही त्या बहुधा तशाच पडून राहतात. असा संगणक दुरुस्तीसाठी बाहेर गेला, चोरीस गेला किंवा जुना म्हणून विकला गेला, तर लॉगिनचा पासवर्ड या कागदपत्रांचे रक्षण करू शकत नाही. कारण पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली किंवा डिस्क काढून अन्य संगणकाला जोडली, की तो पासवर्ड विचारला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 हा लोकांची माहिती हाताळणाऱ्यांकडून वाजवी सुरक्षा उपायांची अपेक्षा करतो आणि त्यात कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद करतो. दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी ज्या शेतकऱ्याने विश्वासाने आपले कागद दिले त्याच्यासाठी लिनक्स बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करणे हे केंद्रचालकाचे कर्तव्यच ठरते.

एन्क्रिप्शन म्हणजे माहिती डिस्कवर लिहिण्यापूर्वीच गणिती पद्धतीने अशी बदलणे, की किल्लीवाचून ती अर्थहीन अंकांची रास दिसावी. लिनक्समध्ये यासाठी रूढ असलेल्या लुक्स या पद्धतीत पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागाच्या, आरंभी शीर्षनोंद असते. माहिती ज्या मूळ किल्लीने बदलली जाते ती किल्ली वापरकर्त्याच्या गुप्त वाक्याने कुलूपबंद करून या नोंदीतील खणात ठेवलेली असते. पहिल्या आवृत्तीत असे 8 खण होते, तर दुसरीत 32 पर्यंत ठेवता येतात. त्यामुळे गुप्त वाक्य बदलताना सगळी डिस्क नव्याने लिहावी लागत नाही.

डेबियन या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलरमधील एन्क्रिप्टेड एलव्हीएमचा तयार पर्याय निवडल्यास प्रणाली सुरू करणारे लहान बूट पार्टिशन उघडे राहते आणि बाकीचे सर्व एकाच एन्क्रिप्ट केलेल्या भागात जाते. हाताने पार्टिशन पाडणारे मात्र अनेकदा केवळ होम, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइलींचा भाग, एन्क्रिप्ट करतात आणि स्वॅप विसरतात, आणि घात तिथेच होतो: मेमरी अपुरी पडली की प्रणाली चालू कामाचे तुकडे स्वॅपमध्ये लिहिते, त्यामुळे नुकतेच उघडलेले आधार कार्ड तिथे उघड्या स्वरूपात मागे राहू शकते. वापरलेल्या डिस्कवर इन्स्टॉलर जुनी माहिती पुसण्यासाठी यादृच्छिक अंक लिहू लागतो, त्याला कित्येक तास लागू शकतात. भारनियमनाच्या गावात हा टप्पा टाळण्याचा मोह होईल, पण तो टाळल्यास जुन्या फाइली पुढे कधीतरी त्यांच्यावर काही लिहिले जाईपर्यंत तशाच शिल्लक राहतात. मध्येच वीज गेली तर काम पुन्हा सुरू करावे लागते, एवढेच.

गुप्त वाक्य देवनागरीत ठेवू नये, कारण संगणक सुरू होताना जिथे ते विचारले जाते तिथे मराठी कळफलक सहसा उपलब्ध नसतो. रोमन अक्षरांत लिहिलेले, परस्परांशी संबंध नसलेले सहा मराठी शब्द लक्षातही राहतात आणि ओळखायलाही कठीण जातात. संगणक चालू असेपर्यंत डिस्क उघडीच असते, म्हणून केंद्र बंद करताना तो नुसता स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करणे आवश्यक आहे.

वाक्य विसरल्यास माहिती परत मिळवण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. म्हणून दुसऱ्या खणात वेगळे वाक्य घालून ते मोहोरबंद पाकिटात जबाबदार व्यक्तीकडे द्यावे आणि शीर्षनोंदीची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढावी, कारण ती नोंद बिघडली तर योग्य वाक्यही निरुपयोगी होते. केंद्रातील कर्मचारी बदलल्यावर त्याच्या वाक्याचा खण पुसला जातो, पण शीर्षनोंदीच्या जुन्या प्रतीत तो शाबूत असतो आणि त्या प्रतीच्या आधारे जुन्या वाक्याने डिस्क पुन्हा उघडता येते. तेव्हा खण पुसल्यावर नवी प्रत काढून जुनी नष्ट करणे हा त्याच कामाचा भाग आहे.