चोपण जमिनीचे अर्थकारण

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा वऱ्हाडच्या शेतीचा जुना प्रश्न होय. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते. पण ते ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा या पट्ट्याला लागूनच आहे. कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावांतही भारी काळी जमीनच कसली जाते. त्यामुळे खारपाण हे शेजारच्या जिल्ह्याचे दुखणे आहे, असे मानून या गावांना स्वस्थ बसता येणार नाही.

या दुखण्याचे मूळ चिकणमातीच्या कणांत आहे. कणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की माती विस्कटते, तिची छिद्रे बुजतात आणि पाणी वरच तुंबते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगडासारखी ढेकळे, अशी तिची गत होते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण समजावी, हा रूढ दंडक आहे. परंतु पूर्णेच्या काळ्या जमिनीत ते ५ टक्क्यांच्या आसपास असतानाही निचरा मंदावतो, असे मृदाशास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणजेच पुस्तकी दंडकाची वाट पाहत बसणे येथे परवडणारे नाही.

यावरचा उपाय अज्ञात नाही. जिप्समातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते; पण सुटा झालेला सोडियम धुऊन नेण्यास गोडे पाणी व निचऱ्याची वाट लागते. हरियाणात १९७४ मध्ये आणि उत्तर प्रदेशात १९७८ मध्ये जमीन सुधारणेसाठी सरकारी महामंडळे स्थापन झाली. तेथे गोड्या पाण्याची जोड असल्याने सुधारलेल्या जमिनीत भाताचे पीक घेता आले. वऱ्हाडात नेमकी ती जोड नाही. विहिरीचे पाणी द्यावे तर रोग वाढतो. म्हणून तिकडची योजना जशीच्या तशी इकडे आणणे निरर्थक ठरेल.

खरी अडचण अर्थशास्त्रीय आहे. जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येते आणि ते हेक्टरी टनांच्या मापाने टाकावे लागते. वाहतुकीचा बोजा निराळाच. खर्च आज करावा लागतो, लाभ मात्र अनेक हंगामांत विखुरलेला असतो. पीककर्ज तर एका हंगामाच्या हिशेबाने मिळते. शिवाय चराचे पाणी शेजाऱ्याच्या बांधावर अडले तर एकट्याने केलेला खर्च व्यर्थ जातो. निचरा ही सार्वजनिक सोय आहे. रस्त्याप्रमाणेच ती गावाने व शासनाने मिळून उभी केली पाहिजे.

जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावांचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पाणी झिरपू न देणे हा या मातीचा दोष शेततळ्यात गुण ठरतो. त्यात साठलेले पावसाचे पाणी हरभऱ्याला एखादे संरक्षित ओलीत देऊ शकते. त्याला रुंद वरंबा-सरी, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत आणि शेणखत यांची जोड हवी. मात्र केवळ तळी मोजून प्रकल्पाचे यश ठरवणे म्हणजे औषधाच्या बाटल्या मोजून रोगी बरा झाल्याचे जाहीर करण्यासारखे आहे.

धनजसारख्या गावांचा धडा याहून स्वस्त आहे. नवी विहीर वा कूपनलिका ओलिताखाली घेण्यापूर्वी पाण्याची आणि मातीची तपासणी व्हावी. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. ज्ञानाचा तुटवडा नाही. एका तपासणीचा खर्च आणि चोपण झालेले शेत पुन्हा पिकते करण्याचा खर्च यांची तुलना करण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. बिघडण्याआधी जमीन जपणे हीच सर्वांत किफायतशीर जमीनसुधारणा होय.